हिमगौरीचा चित्रपट आणि लहान मुले : १९३८ सालच्या एका वादाचा पुनर्विचार

मुलांना काय सांगावे, काय वाचावयास द्यावे आणि काय दाखवावे, हे प्रश्न शिक्षकाच्या नित्याच्या विचारातले आहेत. पुस्तक निवडताना आपण पाने चाळून पाहतो. सहलीचे ठिकाण ठरविताना वाटेतल्या ओढ्याची चौकशी करतो. परंतु परीकथेवर आधारलेला ॲनिमेशनपट मुलांना दाखवावयाचा असला म्हणजे ही सावधगिरी एकाएकी नाहीशी होते. परीकथा ही मुलांची आणि हलत्या रेखाचित्रांचा खेळही मुलांचाच, अशी आपली दुहेरी समजूत असल्यामुळे दोन्ही एकत्र आल्यावर शंकेला जागाच उरत नाही. अनेक शाळांतून वर्षअखेरीस पडदा लावला जातो आणि शिशुवर्गातील चार वर्षांच्या बालकापासून सातवीतल्या बारा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांना एकाच सतरंजीवर बसवून तोच चित्रपट दाखविला जातो. ही समजूत कितपत खरी आहे हे पाहावयाचे तर नुसत्या तर्कापेक्षा इतिहासाचा आधार घेणे बरे. असे एक प्रकरण इतिहासात नमूद आहे. ह्याच प्रश्नावर एका देशाच्या चित्रपट-परीक्षकांनी निकाल दिला, त्यावर वाद झाला आणि अनेक नगरसंस्थांनी तो निकाल बाजूस सारला. ते प्रकरण म्हणजे वॉल्ट डिस्ने ह्यांच्या हिमगौरीचे.

‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’, म्हणजे मराठी मुलांच्या परिचयाच्या नावाने सांगावयाचे तर ‘हिमगौरी आणि सात बुटके’, हा चित्रपट २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथील कार्थे सर्कल नाट्यगृहात प्रथम दाखविला गेला. तोवर रेखाचित्रांचे खेळ म्हणजे मुख्य बोलपटापूर्वी दाखवावयाचे सात-आठ मिनिटांचे विनोदी तुकडे, असाच अमेरिकेत रिवाज होता. सुमारे ८३ मिनिटांची सलग कथा केवळ चित्रांच्या बळावर प्रेक्षक बसून पाहतील, ही कल्पना चित्रव्यवसायातील लोकांना हास्यास्पद वाटली आणि त्यांनी ह्या खटाटोपाला ‘डिस्नेचा वेडेपणा’ असे नाव दिले. खर्च सुमारे १५ लक्ष डॉलरांपर्यंत गेला. १९३८ च्या फेब्रुवारीत चित्रपट अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झाला आणि त्याला अपूर्व यश मिळाले. पुढील वर्षी डिस्नेंना एक मोठी व सात लहान अशा आठ ऑस्कर-मूर्ती देण्यात आल्या. त्या देण्यासाठी दहा वर्षांची बालनटी शर्ली टेंपल हिची योजना केली होती. ह्या योजनेतून हा चित्रपट मुलांचा आहे, हे जणू गृहीतच धरले गेले.

इंग्लंडमध्ये मात्र ह्याच गृहीतावर आधीच प्रश्नचिन्ह उमटले होते. ‘ब्रिटिश बोर्ड ऑफ फिल्म सेन्सॉर्स’ ही संस्था १९१२ साली चित्रपटधंद्यानेच स्थापिली होती. ती सरकारी नव्हती. तिचे मूळ वर्ग दोन : ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे प्रौढांस अधिक उचित. १९३१ साली ‘फ्रँकेन्स्टाइन’सारखे भयपट आल्यावर लोकांत बरीच अस्वस्थता माजली आणि तिच्यातूनच पुढे ‘एच्’ हा तिसरा वर्ग निघून १९३७ साली रूढ झाला. त्या वर्गाच्या चित्रपटास सोळा वर्षांखालील मुलांना मज्जाव होता. अशा वातावरणात डिस्नेंची हिमगौरी मंडळापुढे आली. लॉर्ड टिरेल हे त्या वेळी मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाने चित्रपटास ‘यू’ न देता ‘ए’ दिले. अरण्यातून पळणाऱ्या हिमगौरीचा प्रसंग आणि चेटकिणीची दृश्ये ह्यांनी लहान मुले घाबरतील, अशी परीक्षकांना धास्ती वाटली.

‘ए’ ह्या अक्षराचा अर्थ वाचकांनी आपल्याकडील ‘ए’प्रमाणे घेऊ नये. आपल्याकडे त्या अक्षराने अठरा वर्षांखालील सर्वांना दार बंद होते. त्या काळच्या इंग्लंडमध्ये त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच होता की, सोळा वर्षांखालील मुलाने आईबापांबरोबर किंवा अन्य जबाबदार प्रौढ व्यक्तीबरोबर यावे. म्हणजे मंडळाने मुलांना हिमगौरी पाहण्याची बंदी केली नव्हती. त्यांनी ती एकट्याने पाहू नये, इतकेच म्हटले होते. तथापि १९०९ च्या कायद्याने चित्रपटगृहांना परवाने देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे होता, त्यामुळे मंडळाचा शब्द मानावा की न मानावा हे शेवटी त्यांच्या हाती होते. निकालावर वाद माजला, आणि अनेक स्थानिक संस्थांनी तो बाजूस सारून आपापल्या हद्दीत चित्रपट सर्व मुलांना मोकळा केला. आज तर त्या मंडळानेच हा चित्रपट ‘यू’ वर्गात ठेवला आहे.

ही हकीकत सांगितली जाते ती बहुधा एक गंमत म्हणून, परीक्षक मंडळी किती भित्री असतात ह्याचा दाखला म्हणून. आमचे मत थोडे वेगळे आहे. मंडळाने मांडलेला प्रश्न खरा होता. त्याने योजिलेला उपायही, आज मागे वळून पाहता, वाटतो तितका खुळा नव्हता. उणीव होती ती दोन्ही पक्षांनी मिळून गृहीत धरलेल्या एका गोष्टीत. पाच वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचे मूल ह्यांना एकाच शब्दाने संबोधून, योग्यायोग्यता ही चित्रपटाच्या अंगी कायमची जडलेली असते, असे दोघेही मानून चालले होते. हे म्हणणे स्पष्ट करावयाचे तर आधी मूळ कथेकडे वळले पाहिजे.

जाकोब आणि विल्हेल्म ग्रिम ह्या बंधूंच्या जर्मन कथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला. त्याच्या नावात ‘मुलांच्या’ कथा असा उल्लेख होता खरा. परंतु ग्रंथाला विद्वत्तापूर्ण टिपा जोडलेल्या होत्या आणि संपादकांची मुख्य दृष्टी लोकसाहित्याच्या जतनाची होती. ह्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सावत्र आई नाही. ती तिची सख्खी जन्मदाती आहे. ती पारध्याला मुलीची फुप्फुसे व काळीज आणावयास सांगते आणि ते आपण मुलीचेच खात आहो अशा समजुतीने शिजवून खाते. शेवटी हिमगौरीच्या विवाहात तिला निखाऱ्यांवर तापविलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावयास लावतात. ही कथा आज कोणी शिशुवर्गात जशीच्या तशी वाचून दाखवील असे वाटत नाही.

ग्रिम बंधूंच्या हयातीतच ह्या संग्रहाविषयी ‘हे मुलांसाठी आहे काय?’ असा आक्षेप निघाला होता. त्यांचे स्नेही कवी आखिम फोन आर्निम ह्यांनीही तशी शंका घेतली. खाटीकखान्याचा खेळ खेळणाऱ्या मुलांची एक भीषण कथा पहिल्या आवृत्तीत होती. ती १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून वगळण्यात आली. त्याच आवृत्तीत हिमगौरीची सख्खी आई जन्मानंतर लगेच मरण पावली आणि दुष्टपणा सावत्र आईकडे गेला. मातेची प्रतिमा अभंग राहावी म्हणून विल्हेल्मने केलेला हा फेरफार आज इतका रुळला आहे की, मूळ पाठ सांगितला तर लोकांना तोच बनावट वाटतो. १८२३ साली एडगर टेलर ह्यांनी ह्या कथा इंग्रजीत आणल्या तेव्हा तापलेले जोडेही गेले. त्यांच्या भाषांतरात राणी संतापाने गुदमरून, आजारी पडून मरते. आणि १८२५ साली ग्रिम बंधूंनी खास कुटुंबांसाठी पन्नास निवडक कथांची लहान, सचित्र आवृत्ती काढली, तीत हिमगौरीला मानाचे स्थान मिळाले.

ह्या इतिहासावरून एक गोष्ट निर्विवाद दिसते. परीकथा ही आरंभापासून मुलांची नव्हती. ती मुलांची करण्यात आली, आणि ती करताना प्रत्येक पिढीने तिला कात्री लावली. जे. आर. आर. टोल्किन ह्यांनी १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे दिलेल्या व्याख्यानात ह्याच गोष्टीवर बोट ठेवले होते. मोठ्या माणसांना नकोसे झालेले जुने सामान जसे मुलांच्या खोलीत टाकावे तशा ह्या कथा मुलांकडे आल्या, अशा आशयाचे त्यांचे विधान आहे. तेव्हा ‘परीकथा आहे, म्हणजे मुलांना चालेलच’ हा युक्तिवाद मुळातच लंगडा आहे.

आता डिस्नेंच्या चित्रपटाकडे पाहू. कथानकापुरते बोलावयाचे तर ग्रिमांच्या मानाने तो कितीतरी सौम्य आहे. काळीज शिजवून खाणे नाही. राणी फक्त हृदय पेटीत घालून आणावयास सांगते आणि पारधी डुकराचे हृदय आणून देतो. मूळ कथेत राणी हिमगौरीकडे तीनदा येते, आधी नाडी आवळून, मग विषारी फणीने आणि शेवटी सफरचंदाने तिला मारू पाहते. चित्रपटात सफरचंदाचा एकच प्रसंग ठेवला आहे. तापलेले जोडे तर नाहीतच. राणी कड्यावर चढते, वीज कोसळते, कडा तुटतो आणि ती खाली पडते. तिचा देह दाखविलेला नाही, फक्त दोन गिधाडे घिरट्या घालीत खाली उतरतात. कोणाच्याही हातून तिचा वध होत नाही. सात बुटक्यांना स्वतंत्र नावे व स्वभाव देऊन विनोदाची पेरणीही मुबलक केली आहे. नुसती कथा कागदावर लिहून परीक्षकांपुढे ठेवली असती तर तिला ‘यू’ मिळावयास काहीच हरकत नव्हती.

परंतु मंडळापुढे कागद नव्हता, पडदा होता. ग्रिमांच्या कथेत रानातून पळणाऱ्या मुलीचे वर्णन दोन-तीन वाक्यांत उरकले आहे. डिस्नेंच्या चित्रपटात झाडांना डोळे फुटतात, फांद्यांचे पंजे होऊन मुलीचे वस्त्र ओढतात, पाण्यातले ओंडके मगरी होऊन जबडे उघडतात. राणीच्या तळघरात मानवी सांगाडा आहे. ती औषध पिते तेव्हा तिचा गळा आवळला जातो, खोली गरगर फिरते, हात वाळून त्यांच्या नख्या होतात आणि देखण्या स्त्रीच्या जागी दातपडकी, मस असलेली म्हातारी उभी राहते. अभ्यासकांनी ह्या प्रसंगांवर जर्मन भयपटांची व १९३१ च्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’ची छाया दाखवून दिली आहे. म्हणजे हिंसा कमी केली गेली, पण भयाची दृश्य साधने मात्र प्रौढांच्या चित्रपटातून उचलून आणली गेली. परीक्षकांच्या नजरेने हे बरोबर टिपले होते.

रेखाचित्रे म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही पुढील काळात टिकली नाही. १९३७ च्या हिमगौरीपासून २०१३ च्या ‘फ्रोझन’पर्यंतच्या, सर्वाधिक उत्पन्न मिळविणाऱ्या ४५ ॲनिमेशनपटांची प्रौढांच्या नाट्यपूर्ण चित्रपटांशी तुलना करणारा एक लेख २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात असे आढळले की, प्रमुख पात्राचा पडद्यावर मृत्यू होण्याचा धोका मुलांच्या ॲनिमेशनपटांत सुमारे अडीचपट अधिक आहे, आणि बळी पडणाऱ्यांत नायक-नायिकेच्या आईबापांचा भरणा मोठा आहे.

ऐकलेली कथा आणि पाहिलेली कथा ह्यांतील भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. लेकीकडे निघालेली म्हातारी, तिला वाटेत अडविणारे वाघ-सिंह आणि परतीचा भोपळा ही कथा मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. तीतही खाऊन टाकण्याचीच भाषा आहे. पण सांगणारी आजी नातवाच्या डोळ्यांकडे पाहून वाघाचा आवाज चढविते किंवा उतरविते. नातू बिचकला तर वाघाला थोडा मूर्ख करते आणि भोपळा लवकर पुढे ढकलते. ऐकणारे मूलही वाघ आपल्याला पेलेल एवढाच मोठा मनात रंगविते. चित्रपटात ह्या दोन्ही सोयी नाहीत. चेटकीण किती मोठी हे दुसऱ्याने ठरविलेले असते, आणि पडद्याला समोरच्या मुलाचे डोळे दिसत नाहीत.

आपल्याकडील बालशिक्षणाच्या चळवळीतही हा विचार झालेला आहे. मारिया माँटेसरी ह्यांना अगदी लहान मुलांना परीकथा सांगणे पसंत नव्हते; वास्तव आणि कल्पित ह्यांतला भेद कळू लागण्यापूर्वी मुलाच्या मनात अद्भुत भरू नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्याच पद्धतीचा पुरस्कार करणाऱ्या गिजुभाई बधेका ह्यांनी मात्र १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केल्यावर कथेला तेथील शिक्षणात महत्त्वाचे स्थान दिले आणि कथाकथनाचे शास्त्र सांगणारा गुजराती ग्रंथ लिहिला. ताराबाई मोडक ह्यांनी भावनगरला त्यांच्याबरोबर काम केले आणि ती परंपरा पुढे मराठी मुलखात आणली. दोन्ही मते आदरणीय आहेत. परंतु गिजुभाईंची कथा ही मुलांना जवळ घेऊन बसलेल्या शिक्षकाच्या तोंडची होती, हे विसरता येत नाही.

परीकथेतील भय मुलांना हितकारकच असते, असे प्रतिपादन करणाऱ्यांत ब्रूनो बेटलहाइम ह्यांचे नाव प्रमुख आहे. मुलाच्या मनात आधीच असलेल्या भीतीला कथा आकार देते आणि दुष्टाचा अंत दाखवून तिचा निरास करते, असे त्यांनी १९७६ च्या ग्रंथात मांडले. त्यांच्या मनोविश्लेषणात्मक पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. पण त्यांच्या मताचा आधार घेऊन ॲनिमेशनपटांचे समर्थन करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, बेटलहाइम सांगितलेल्या कथेविषयी बोलत होते; पुस्तकातील चित्रेसुद्धा मुलाच्या कल्पनेला दुसऱ्याच्या वाटेने नेतात, म्हणून ती त्यांना नको होती.

मते पुष्कळ झाली. मुलांचे प्रत्यक्ष निरीक्षण काय सांगते? अमेरिकेत पेन फंडाच्या साहाय्याने १९२९ पासून चित्रपट आणि मुले ह्यांविषयी संशोधन झाले व १९३३ पासून त्याचे ग्रंथ निघाले. म्हणजे हिमगौरीचा निकाल लागण्यापूर्वीच ते उपलब्ध होते. त्यांपैकी एका पाहणीत चित्रपट पाहून आल्यावर मुले झोपेत किती चुळबुळ करतात हे यंत्र जोडलेल्या खाटांवर मोजले. दुसरीत भयप्रसंग पाहताना होणारे शारीरिक बदल टिपले. चित्रपटातील धोक्याच्या प्रसंगांचा सर्वांत तीव्र परिणाम लहान मुलांवर होतो, आणि एकाच चित्रपटाने मुलामुलांत फार निरनिराळे परिणाम होतात, असे त्यांतून दिसले. ह्या संशोधनाच्या पद्धतीत दोष होते, आणि त्याचा गाजावाजा करणाऱ्यांनी त्यातून नको तितके निष्कर्ष काढले. परंतु वय आणि व्यक्ती ह्यांनुसार फरक पडतो हा धडा तेव्हाच शिकता आला असता.

१९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोअन कँटर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी हा प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला. त्यांच्या १९८५ च्या एका प्रयोगात एका वृद्ध स्त्रीची दृश्यकथा चार प्रकारे दाखविली होती : रूप प्रेमळ किंवा भेसूर, आणि वर्तन दयाळू किंवा क्रूर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या मनावर रूपाचा पगडा मोठ्या मुलांपेक्षा अधिक दिसला. वय वाढत गेले तसे वर्तनाला महत्त्व येत गेले. हिमगौरीच्या चित्रपटाला हे किती लागू पडते पाहा. सुंदर राणी मुलीचे हृदय मागते, तो कथेतला सर्वांत भयंकर क्षण. पण चार वर्षांच्या बालकाला त्याचे विशेष काही वाटत नाही. तीच राणी म्हातारी झाली आणि अद्याप तिने काहीच केले नाही, तोच ते किंचाळते. मोठ्यांना जे निव्वळ चित्रकाराचे कसब वाटते, तेच लहानाच्या दृष्टीने खरे संकट असते.

त्याच संशोधकांची दुसरी एक पाहणी शिक्षकांनी मनात ठेवण्याजोगी आहे. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधील चेटकिणीचा प्रसंग दाखविताना ‘हे खरे नाही, हे ध्यानात ठेव’ असे मुलांना सांगितले, तर नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांची भीती कमी झाली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्याचा उपयोग झाला नाही. आपण घरी-शाळेत नेमके हेच सांगतो. ‘अरे, ते तर नुसते चित्र आहे!’ हे वाक्य ज्याला कळते त्याला त्याची फारशी गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला ते कळत नाही. लहान बालकाला धीर येतो तो मांडीने, हाताच्या स्पर्शाने, जवळच्या माणसाच्या सान्निध्याने.

येथे १९३८ च्या निकालाकडे परत येऊ. मंडळाचा ‘ए’ वर्ग मुलाबरोबर मोठे माणूस मागत होता. ज्या संस्थांनी तो रद्द केला त्यांनी भीतीची शंका दूर केली असे नव्हे. त्यांनी मुलाजवळ मोठे माणूस असण्याची अट तेवढी काढून टाकली. अर्थात ती अटही व्यवहारात पोकळ होती. इंग्लंडमधील मुले त्या काळी चित्रपटगृहाच्या दाराशी उभी राहून तिकिटाचे पैसे अनोळखी प्रौढाच्या हातात देत आणि ‘आम्हांला आत घेऊन चला’ अशी गळ घालीत, हे सर्वश्रुत आहे. आत गेल्यावर तो गृहस्थ एका बाजूस आणि मुले दुसऱ्या बाजूस. शिवाय सोळा वर्षांची मर्यादा ह्या कामी अगदीच गैरलागू होती. चौदा वर्षांच्या मुलाला हिमगौरीसाठी पालकाची गरज नव्हती, चार वर्षांच्याला अनोळखी माणसाचा काही उपयोग नव्हता. कल्पना बरोबर, वयाची रेषा चुकीच्या जागी आणि सोबतीचा अर्थ केवळ तिकिटापुरता, असे त्या निकालाचे स्वरूप होते.

सोबत म्हणजे काय, हे आमच्या गोमंतकात आणि शेजारच्या कोकणात दशावतारी काल्याला बसलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. रात्री देवळासमोर काळ्या वेषातला संकासुर येतो तेव्हा कडेवरची पोरे आईच्या खांद्यात तोंड खुपसतात. पण तो भेसूर संकासुर बोलू लागतो आणि सारा गाव हसू लागतो. आईही हसते, आणि तिच्या अंगाला होणारी ती हालचाल मुलाला कळते. थोड्या वेळाने एक डोळा उघडतो. दुसऱ्या दिवशी तेच मूल अंगणात संकासुर होऊन नाचते. आम्ही भयाच्या विरुद्ध नाही. मुलाने भय अनुभवावे आणि त्यातून बाहेरही यावे. मात्र बाहेर येण्याची वाट त्याला दिसली पाहिजे. डिस्नेंच्या चित्रपटातही अशी वाट एका ठिकाणी फार सुंदर दाखविली आहे : अरण्यात चमकणारे भयानक डोळे हे हरिणांचे, सशांचे, पाखरांचे निघतात, आणि रडणाऱ्या हिमगौरीला आपणच उगाच भ्यालो हे कळते. चेटकिणीच्या प्रसंगात मात्र अशी सुटका लवकर होत नाही.

आपल्या देशातील कायदा ह्या दिशेने सावकाश सरकला आहे. १९४९ च्या दुरुस्तीने ‘यू’ व ‘ए’ हे दोन वर्ग आले. १९५१ साली केंद्रीय मंडळ स्थापन झाले आणि १९५२ चा चलच्चित्र अधिनियम झाला. १९८३ साली ‘यूए’ हा मधला वर्ग आला, तेव्हा बारा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी विचार करावा, असे त्याचे सांगणे होते. २०१६ साली ‘द जंगल बुक’ ह्या चित्रपटास हा वर्ग मिळाला, तेव्हा देशभर थट्टा झाली. मोगलीची गोष्ट, आणि तिला पालकांची सावधगिरी कशाला? १९३८ ची पुनरावृत्ती म्हणावी इतके साम्य त्यात होते. त्रिमिती पडद्यावरून वाघ अंगावर झेप घेतो हा मंडळाच्या बाजूचा मुद्दा थट्टेत हरवून गेला. वाद झाला तो कथेवर, दृश्यावर नव्हे. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटवर्ग करण्यात आले. सात वर्षांची रेषा ही आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातील पहिली शहाणी रेषा आहे, कारण बालमनातील खरे वळण त्याच सुमारास येते. पण ही सूचना पालकांसाठी आहे. शाळेच्या सभागृहात पालक नसतो. तेथे त्याच्या जागी आपण असतो.

म्हणून शिक्षकबंधूंपुढे व भगिनींपुढे काही व्यावहारिक गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. परीकथेचा चित्रपट निवडताना ‘ह्यात वाईट काय आहे?’ एवढेच न विचारता ‘ह्यात भेसूर काय दिसते, किती वेळ दिसते, आणि त्यानंतर लगेच काय येते?’ हे विचारावे. त्यासाठी शिक्षकाने तो आधी स्वतः संपूर्ण पाहावा, आणि निदान एकदा आवाज बंद करून पाहावा, म्हणजे लहान मुलाला निव्वळ चित्र काय सांगते ते उमगेल. शिशुवर्ग व पहिलीची मुले मोठ्यांबरोबर बसवू नयेत. त्यांना वेगळ्या वेळी, थोडक्या संख्येने, खोलीत उजेड ठेवून आणि आवाज बेताचा करून दाखवावा. दर आठ-दहा मुलांमागे त्यांच्या ओळखीच्या बाई जमिनीवर त्यांच्यात बसाव्यात, मागच्या खुर्चीवर नव्हे. ज्याला उठून जावेसे वाटेल त्याला जाऊ द्यावे. त्याला भित्रा म्हणणाऱ्यास मात्र थांबवावे. कथा आदल्या दिवशी तोंडी सांगून तिचा शेवट गोड होतो हे मुलांना कळलेले असावे. दुसऱ्या दिवशी त्यांना चित्रे काढावयास बसवावे. कोणी चेटकीण कागदभर काढील, कोणी कोपऱ्यात बोटाएवढी. त्यावरून कोणाजवळ जाऊन बसावयास हवे हे शिक्षकाला न विचारता समजेल.

हिमगौरीचा चित्रपट लहान मुलांस योग्य आहे की नाही, ह्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो निःसंशय आनंद देईल, चार वर्षांच्या मुलाला तो काही वर्षे न दाखविल्याने त्याचे काहीच अडत नाही, आणि तेवढ्या काळात त्याला हिमगौरी सांगता येईल. मधल्या वयाच्या मुलांचा निर्णय कोणत्याही मंडळाला लांबून करता येणार नाही. तो त्या मुलांना नावाने ओळखणाऱ्या माणसानेच करावयाचा आहे, आणि शाळेपुरते पाहावयाचे तर तो माणूस म्हणजे वर्गशिक्षक.